परिचारिकेचे तान्हे बाळ

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणत्या विषयावर बोलाल, असे चिटणीसबाईंनी मला विचारले तेव्हा मी म्हटले, ‘मला माझ्या कामापलीकडचे फारसे काही येत नाही. चौतीस वर्षे वॉर्डात काढली, त्यातलेच काही सांगेन.’ त्या म्हणाल्या, ‘मग आपल्या आळीतल्या मुलींच्या उपयोगी पडेल असे सांगा.’ आपल्या आळीत आज चार परिचारिका राहतात. त्यांपैकी दोघींच्या घरी पाळणा हलतो आहे आणि एकीची रजा पुढच्या महिन्यात संपते आहे. तेव्हा रुग्णालयातली पाळ्यांची नोकरी करणाऱ्या बाईने आपल्या तान्ह्याला अंगावर कसे पाजावे, हाच विषय मी घेतला. विषय कळल्यावर मागच्या खुर्च्यांवरची पुरुषमंडळी हळूच उठून जातील असे वाटले होते. अजून बसलेली दिसतात, हे बरे झाले. यातला निम्मा भाग त्यांच्यासाठीच आहे.

परिचारिका हा शब्द मी भाषणापुरता वापरते आहे. एरवी आम्हाला सगळे सिस्टर म्हणतात आणि आम्हीही एकमेकींना तेच म्हणतो.

आता पाहा. बाळंतिणीच्या खाटेशी उभे राहून आम्ही रोज काय सांगतो? मूल जन्मल्यावर पहिल्या तासाच्या आत अंगावर घ्या. पहिले पिवळसर दाट दूध, म्हणजे चीक, पिळून टाकू नका. त्यात मुलाला रोगापासून राखण्याची शक्ती असते. मध चाटवू नका, गुटी देऊ नका. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको. सहा महिन्यांनंतर मऊ भात, खिमट, वरण सुरू करा आणि त्याबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही अंगावरचे चालू ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे हेच आहे. तरीही २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय दिसले? देशात शंभरातल्या जेमतेम बेचाळीस मुलांना पहिल्या तासात अंगावर घेतले गेले होते, आणि सहा महिन्यांच्या आतली शंभरातली चौसष्ट मुले निव्वळ आईच्या दुधावर होती. सांगण्याचे काम अजून पुष्कळ शिल्लक आहे, आणि ते सांगणारी बहुतेक ठिकाणी सिस्टरच असते.

हे दुसरीला सांगणाऱ्या सिस्टरचे स्वतःचे मूल त्या वेळी कोठे असते? ते घरी असते, आणि पुष्कळदा वरच्या दुधावर असते. लोक तिला म्हणतात, ‘तुम्ही काय बाई, सिस्टर! तुम्हाला सगळे माहीतच आहे.’ माहीत असते, हे खरे. पण माहितीने पान्हा फुटत नाही. तिला वेळ लागतो, जागा लागते आणि मागे कोणी उभे राहणारे लागते.

हा व्यवसाय आपल्याकडे कसा रुजला तेही थोडे ध्यानात घ्यावे. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले आणि परिचारिकांच्या शिक्षणाची सोय झाली. त्या काळी घरंदाज बाईने रुग्णांची शुश्रूषा करून पगार घ्यावा, ही गोष्ट लोकांच्या पचनी पडत नव्हती. जी आली ती बहुधा तरुण विधवा किंवा एकटी राहणारी. रुग्णालयाच्या आवारातच राहावयाचे, बोलावतील तेव्हा उभे राहावयाचे. त्या बायांनी केवढे काम केले ते मी सांगावयास नको. पण मला वाटते, पाळ्या, मुक्काम आणि शिस्त ज्यांना घरी पाजते मूल नाही अशा बाईला डोळ्यांपुढे ठेवून ठरत गेली, आणि पुढे लग्न झालेल्या, मुलेबाळे असलेल्या मुली या कामात आल्या तरी ती घडी फारशी बदलली नाही. याचा दोष मी कोणा एकाला देत नाही. पण घडी कोणी घातलेली असते, तशी ती उलगडून पुन्हा घालताही येते.

आता दुधाविषयी. कामावर रुजू झाल्यावर महिन्याभरात ‘माझे दूध आटले’ म्हणून रडणाऱ्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत. घरातली वडील माणसे म्हणतात दृष्ट लागली, धसका घेतला, नाही तर अंगातच कमी आहे. तसे नसते. मूल ओढू लागले की आईच्या मेंदूतून दोन रस रक्तात सुटतात. एकाने दूध तयार होते, दुसऱ्याने ते पुढे ढकलले जाते. या दुसऱ्यालाच आपण पान्हा म्हणतो. जितके दूध बाहेर पडेल तितके नवे तयार होते. स्तन भरून तसेच दाटून राहिले की आणखी नको असा निरोप आतल्या आतच जातो आणि तयार होणे मंदावते. विहिरीचा उपसा थांबला की झरे बुजतात, तसेच म्हणा. सकाळी सहाला घर सोडून दुपारी साडेतीनला परतणारी बाई मधल्या साडेनऊ तासांत एकदाही दूध काढणार नसेल, तर पंधरा दिवसांत दूध कमी होणार. त्यात तिच्या देहाचा काही दोष नाही.

बाळंतिणीला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, खसखस, शतावरी देतात. जरूर द्यावे. तिला पोटभर आणि चांगले खायला मिळते, घरातली माणसे तिच्यासाठी काही करताहेत हे तिला दिसते, हाही लाभच आहे. मात्र लाडू खाऊन दूध काढावयाचे राहिले, तर लाडवाने काही होणार नाही. उलट पान्ह्याला मनाची स्वस्थता फार लागते. दूध कमी पडते म्हणून सकाळ-संध्याकाळ टोमणे ऐकणाऱ्या बाईचा पान्हा तेवढ्याने अडतो. तयार झालेले दूध आतच राहते, आणि मग खरोखरच कमी होते. सासूबाईंनी हे वाक्य दोनदा वाचावे, म्हणून ते स्मरणिकेत छापावे अशी माझी संपादिकाबाईंना विनंती आहे.

आता रोजचे गणित. सकाळपाळी असेल तर घर सोडण्यापूर्वी, अंथरुणातच, मुलाला दोन्ही बाजूंनी नीट पाजावे. वॉर्डात सकाळची औषधे आणि डॉक्टरांची फेरी आटोपली की दहाच्या सुमारास एकदा दूध काढावे. कामाची सूत्रे पुढच्या पाळीला देण्यापूर्वी, एकच्या सुमारास, पुन्हा एकदा काढावे. घरी येताच हात-पाय धुऊन, कपडे बदलून मुलाला जवळ घ्यावे; भांडी आणि कणीक नंतर. दुपारपाळीलाही असेच, घड्याळ पुढे सरकवून. रात्रपाळीची सर्वांना धास्ती असते, आणि ती थकवणारी आहेच. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा: दूध तयार करणारा रस रात्री अधिक असतो. म्हणून रात्रपाळीत बाराच्या आणि चारच्या सुमारास दूध काढले तर ते बरेच निघते, आणि दुसऱ्या दिवशीच्या झोपेच्या वेळी घरातल्या माणसांच्या हाती तेवढा साठा राहतो. सुटीच्या दिवशी आणि रात्री घरी असताना मुलाला मागेल तितके अंगावर पाजावे. आठवड्याची तूट अशी भरून निघते.

कामावर जाण्याच्या दोन आठवडे आधी सवय सुरू करावी. हात स्वच्छ धुवावेत. कोमट पाण्यात पिळलेल्या कपड्याने थोडा शेक घ्यावा, हलक्या हाताने चोळावे. मग अंगठा वर आणि बोटे खाली अशी काळ्या भागाच्या कडेशी ठेवावीत. आधी छातीकडे मागे दाबावे आणि मग अंगठा व बोटे एकमेकांकडे दाबावीत. बोंडी ओढू नये. तिने दूध येत नाही, नुसती कातडी सोलते. पहिली दोन-तीन मिनिटे थेंबच येतात आणि मुलगी घाबरते. थांबावे, मुलाचे झबले किंवा छायाचित्र जवळ ठेवावे. पान्हा फुटला की धार लागते. बोटे फिरवीत सर्व बाजूंनी काढावे. दोन्ही मिळून वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. हाताने पिळावयाचे वा विजेवर चालणारे पंपही मिळतात. ज्यांना परवडतात त्यांनी घ्यावेत, पण हात कोणाकडून उसना आणावा लागत नाही.

भांडे झाकणाचे, स्टीलचे किंवा काचेचे असावे. साबणाने धुऊन दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवावे. त्यावर चिकटपट्टी लावून वेळ लिहावी. औषधांच्या बाटल्यांवर आपण हेच करतो, आपल्या मुलासाठी करावयास काय हरकत? आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेले दूध चार तासांच्या आत वापरावे. फ्रीजमध्ये आतल्या बाजूला, दारात नव्हे, ते चोवीस तास राहते. घरी आणताना डब्याभोवती बर्फाची पिशवी ठेवावी. हे दूध पातळ, किंचित निळसर दिसते आणि वर साय धरते. ते नासले असे समजून ओतून टाकू नये. भांडे हलकेच फिरवले की एकजीव होते. चुलीवर उकळू नये. कोमट पाण्याच्या पातेल्यात भांडे ठेवून ऊब आणावी. मुलाने टाकलेले उष्टे दूध पुन्हा ठेवू नये.

पाजावे वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. आपल्या आज्या ज्या चांदीच्या बोंडल्याने पाजत, ते अजून काहींच्या कपाटात असेल, बाहेर काढा. बाटलीची बुचे नीट धुतली जात नाहीत आणि काही मुले बाटलीच्या सवयीने अंगावर ओढावयास कंटाळतात. पहिल्या दिवशी आईनेच चमच्याने पाजू नये. तिचा वास आला की मूल चमच्याकडे तोंड फिरवते, आणि ते बरोबरच आहे! आजीने, बाबांनी पाजावे.

येथे एक अडचण येते, ती उघड बोललेली बरी. पुष्कळ घरांत काढलेल्या दुधाला शिळे म्हणतात. आईच्या अंगाबाहेर आलेले दूध ताटलीत पाहिले की वडीलधाऱ्यांचे मन घेत नाही. त्यांच्या समजुतीसाठी मी नेहमी मुंबईचे उदाहरण देते. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची पेढी सुरू केली. आशिया खंडातली ती पहिली. ज्यांना दूध अधिक येते अशा माता तेथे दूध देतात. ते ठराविक उष्णता देऊन निर्जंतुक करतात, तपासतात, गोठवून ठेवतात, आणि ज्यांच्या आया आजारी आहेत किंवा ज्यांना अजून पान्हा नाही, अशा अपुऱ्या दिवसांच्या नाजूक मुलांना देतात. तळहातावर मावतील अशी मुले परक्या आईच्या साठवलेल्या दुधावर सावरतात. मग आपल्याच आईचे पाच तासांपूर्वीचे, फ्रीजमध्ये ठेवलेले दूध धडधाकट मुलाला कसे बाधेल?

माझा स्वतःचा अनुभव विचारावयाचा तुमचा विचार दिसतो, म्हणून सांगते. माझी थोरली १९८७ ची. तेव्हा रजा तीन महिन्यांची होती आणि तिचे काही दिवस बाळंतपणाआधीच गेले. रुजू झाले तेव्हा ती अडीच महिन्यांचीही नव्हती. रुग्णालयाचे नाव घेत नाही. त्या काळी सगळीकडे सारखेच होते. दहा वाजले की वॉर्डात कुठलेही मूल रडले तरी माझा गणवेश भिजे. आत घडीचा रुमाल ठेवत असे, वरून अ‍ॅप्रन. वरिष्ठ बाईंना दहा मिनिटे मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘सिस्टर, घर आणि वॉर्ड यांची गल्लत करू नका.’ चादरी ठेवण्याच्या खोलीत, दाराला पाठ लावून मी दूध काढीत असे आणि मोरीत ओतून देत असे, कारण ते ठेवावयास जागा नव्हती. वॉर्डातली मावशी दाराबाहेर उभी राहून खोकला काढी. कोणी येत असल्याची ती खूण होती.

मला वाचवले ते आमच्या शेजारच्या काकूंनी. नात्याच्या ना गोत्याच्या. एके दिवशी त्यांनी मला विचारले, ‘अगं पोरी, तुझी जेवणाची सुटी किती वाजता?’ मी म्हटले, ‘साडेअकराला, काकू, वीस मिनिटे.’ दुसऱ्या दिवसापासून त्या मुलीला दुपट्यात गुंडाळून, डोक्यावर पदर आणि वर छत्री घेऊन, मागच्या फाटकाशी येऊन उभ्या राहू लागल्या. धोब्याच्या खोलीच्या ओट्यावर बसून मी पाजत असे. सहा महिने त्यांनी हे केले. सणासुदीला मी लुगडे नेले तर म्हणाल्या, ‘लुगड्याचे काय, मला चालायला डॉक्टरांनी सांगितलेच होते.’

माझ्याबरोबरची एक जण असे कोणी नसल्यामुळे नोकरी सोडून गेली. हाताची अतिशय गोड. लहान मुलांची शीर तिच्याइतकी चटकन कोणाला सापडत नसे. मुले मोठी झाल्यावर तिला पुन्हा यावेसे वाटले तेव्हा वयाची अट आडवी आली आणि एका छोट्या दवाखान्यात ती निम्म्याहून कमी पगारावर राहिली. तिचे निवृत्तिवेतन गेले, आणि रुग्णांच्या वाट्याचा तो हातही गेला. कोणाला किती मोल पडले याचा हिशेब कोणी मांडला नाही.

आज कायदा पुष्कळ पुढे आला आहे. आपल्या मुंबई इलाख्याने १९२९ साली प्रसूतीच्या रजेचा कायदा केला, तो देशातला पहिला. पुढे सर्व देशासाठी १९६१ चा कायदा आला. २०१७ साली त्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. आता ही कलमे सामाजिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेत आली असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केले असले म्हणजे रजेचा हक्क पोहोचतो. कंत्राटावरच्या मुलींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या विश्रांतीखेरीज, पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्या मिळाव्यात असे कायदा सांगतो. पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, असेही त्यात आहे. हे सारे तोंडी मागू नका. अर्ज लिहा, तारीख घाला, प्रतीवर पोच घ्या.

मात्र दहापेक्षा कमी माणसे असलेल्या छोट्या दवाखान्यांना हा कायदा पोहोचत नाही, आणि आपल्या गावातल्या कितीतरी मुली अशाच दवाखान्यांत आहेत. मोठ्या रुग्णालयातही कागदावरची सुटी हातात पडेलच असे नाही. चाळीस रुग्ण आणि एक सिस्टर असेल, तर ती वीस मिनिटे कोणाच्या जिवावर घेणार? सलाईन संपत आलेल्या माणसाला ‘थांबा, मला पाजावयाचे आहे’ असे सांगता येत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, पाजण्याच्या सुटीचा प्रश्न हा मुळात वॉर्डात माणसे किती आहेत याचा प्रश्न आहे. जेथे पाळीला दोघी असतात तेथे मैत्रीण सांभाळून घेते आणि सुटी मिळते. एकटी असेल तेथे नियम भिंतीवर राहतो.

जागेचेही तसेच. आपल्याकडे बसस्थानकांवर, कचेऱ्यांत हिरकणी कक्ष झाले आहेत. नाव फार समर्पक आहे. रायगडावर दूध घालावयास गेलेली ती गवळण. तीही कामावर गेलेली आईच होती. सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे मूल, म्हणून ती रात्री कडा उतरली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. बुरुजाला तिचे नाव मिळाले. पण आज कोणा आईला रोजच्या रोज कडा उतरावयास लागू नये, एवढ्यासाठी तर हे कक्ष आहेत! डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज आहिरे आपल्या अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनातही अशा खोलीची निकड सर्वांना दिसली. खोली म्हणजे काय हवे? आतून कडी, एक खुर्ची, हात धुण्याची सोय, एक लहान फ्रीज. शौचालयाच्या कोपऱ्यात पडदा लावून ‘येथे बसा’ म्हणणे मला मान्य नाही. तेथे बसून आपण कोणी डबा खाऊ का?

मुली आणखी एक विचारतात: ‘आम्ही रोगात वावरतो, मुलाला काही बाधणार तर नाही?’ गणवेश रुग्णालयातच बदलावा, हात कोपरापर्यंत धुवावेत, कावीळ-ब ची लस घेतलेली असावी. साधा ताप, सर्दी, खोकला झाला तर पाजणे थांबवू नये, तोंडाला मास्क लावून पाजावे. २०२० च्या करोनाच्या साथीतही जागतिक आरोग्य संघटनेने हेच सांगितले होते. क्ष-किरणाने दुधाला काही होत नाही. कर्करोगाची औषधे भरण्याचे, हाताळण्याचे काम मात्र पाजत्या बाईने करू नये. ते लेखी कळवून दुसरे काम मागावे. स्वतः कोणतेही औषध घेताना डॉक्टरांना ‘मी पाजते आहे’ हे आधी सांगावे.

दूध दाटून गाठ आली, लाल झाले, ठणकू लागले, तर त्या बाजूचे पाजणे बंद करू नये. मूल पाजावे, जमेल तसे दूध काढावे आणि गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. एका दिवसात उतार पडला नाही किंवा अंगात ताप भरला, तर डॉक्टरांकडे जावे. गळू होईपर्यंत घरगुती लेपांवर काढू नये.

आणखी एक गोष्ट हलक्या आवाजात सांगते. पाजते आहे तोवर दिवस राहत नाहीत, ही समजूत पाळ्यांची नोकरी करणाऱ्या बाईने धरून बसू नये. मूल सहा महिन्यांच्या आत असेल, पाळी आलेली नसेल आणि रात्रंदिवस वरचेवर अंगावर पाजले जात असेल, तरच तिच्यात तथ्य आहे. आठ-नऊ तास दूर राहणाऱ्या आईने वेगळी काळजी घ्यावी.

हे सर्व करूनही काहींना जमत नाही. कोणाला आजार असतो, कोणाचे मूल लवकर जन्मलेले असते, कोणाच्या घरी दोन माणसांचे खाणे कमावणारी ती एकटीच असते. अशा मुलीला कोणी बोल लावू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध द्यावे, स्वच्छ द्यावे, आणि अंगावरचे जेवढे असेल तेवढे चालू ठेवावे. दिवसातून दोनदा पाजले तरी ते दोनदा पाजलेच. डब्यांच्या जाहिरातींना भुलून मात्र वरचे सुरू करू नये. दोन वर्षांखालील मुलांच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करावयास आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती काही उगाच नाही.

नवऱ्यांना जास्त सांगत नाही. बाई रात्रपाळीहून आली की मुलाला पाजून तिला चार तास सलग झोपू द्यावे, दाराची कडी, दूधवाला, फोन सांभाळावा. काढलेल्या दुधाची भांडी उकळणे ही गोष्ट पुरुषांना उत्तम जमते. माझ्या जावयांनी करून दाखवली आहे, आणि आता ते इतरांना शिकवतात, इतके की कधी कधी पुरे म्हणावे लागते.

आता मंडळाकडे माझे मागणे. आपली मागची खोली सकाळी शिवणवर्गाला लागते. दुपारी एकपासून रात्री नऊपर्यंत तिला कुलूप असते. दुपारपाळीच्या मुलींना नेमकी हीच वेळ अडचणीची आहे. तेथे एक पाळणा, एक चटई, उकळण्याचे पातेले आणि एक जुना पण चालणारा फ्रीज एवढे झाले, आणि आपल्यापैकी ज्यांची मुले मोठी झाली आहेत अशा सहा-सात जणींनी आठवड्यातून एकेक दुपार दिली, तर आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजावयास आणि मुलाला सांभाळावयास कोणीतरी राहील. रुग्णालय येथून चालत आठ मिनिटांवर आहे. पाजण्याच्या सुटीत आईला येऊन जाता येईल. एका वेळी तीनपेक्षा जास्त मुले घेऊ नयेत, आजारी मूल घेऊ नये, आणि प्रत्येक भांड्यावर मुलाचे नाव व वेळ असल्याशिवाय ते आत ठेवू नये, एवढे नियम मी आताच सुचवते. बाकीचे कार्यकारिणी ठरवील.

सोमवारची आणि गुरुवारची दुपार मी घेते. पाळणा माझ्या घरी माळ्यावर आहे, दोऱ्या बदलाव्या लागतील. चिटणीसबाईंजवळ वही ठेवली आहे. ज्यांना जमेल त्यांनी चहाच्या वेळी तीत नाव आणि वार लिहावा. आता कोणाला काही विचारावयाचे असेल तर विचारा. सर्वांपुढे विचारावयाचा संकोच वाटत असेल, तर मी नंतर स्वयंपाकघराच्या बाजूला बसेन, तेथे यावे.